अक्षता पडेपर्यंत

लग्नघरीं ऐन मुहूर्ताच्या दिवशीं मृत्यूची वार्ता आली असतां ती अक्षता पडेपर्यंत दाबून ठेवावी, असा एक संकेत आपल्या समाजांत पुष्कळ काळ चालत आलेला आहे. तो कोणाला ग्रंथांतून शिकावा लागत नाहीं. घरांतील वडील माणसें तो एकमेकांच्या कानांत सांगतात. वधूवरांस, त्यांच्या आयांस, साधल्यास आप्तेष्टांसहि कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं. वाजंत्री वाजत ठेवावयाची, पंक्ति उठवावयाच्या, आणि मंगळसूत्र गळ्यांत पडलें कीं मग कोणा वडीलधाऱ्यानें उपरण्यानें डोळे पुसावयाचे. ह्या वागण्यास कोणी खोटेपणा म्हणत नाहीं. त्याला प्रसंगावधान म्हणतात. तें खरोखर प्रसंगावधान आहे कीं ज्याची वस्तु त्यालाच न देतां लपवून ठेवणें आहे, ह्याचा एकदां नीट विचार करावा असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें. प्रश्न दिसावयास लहान आहे. पण ज्या घरावर तो येऊन पडतो त्या घरांत त्याचे पडसाद वीस वीस वर्षें ऐकूं येतात.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. कारण ज्यांना एरव्हीं शास्त्राची फारशी चाड नसते तेहि अशा वेळीं भटजींना बाजूस घेऊन शास्त्रच विचारतात. कमलाकरभट्टांनीं १६१२ सालीं पुरा केलेला निर्णयसिंधु घ्या किंवा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला धर्मसिंधु घ्या, धर्मशास्त्राच्या ह्या परंपरेचा कल एकच आहे. कार्यास आरंभ झाला असेल तर मध्यें आलेलें अशौच त्या कार्यास आड येत नाहीं. मग आरंभ कशास म्हणावें? यज्ञांत ऋत्विजांस वरलें म्हणजे आरंभ झाला, व्रतांत संकल्प सोडला म्हणजे झाला, श्राद्धांत स्वयंपाकास हात घातला म्हणजे झाला, आणि विवाहांत नांदीश्राद्ध केलें म्हणजे झाला. पुन्हां हें नांदीश्राद्ध विवाहापूर्वीं दहा दिवसांपर्यंत उरकून ठेवण्याची मुभा आहे. ज्या घरांत कोणी वृद्ध माणूस अंथरुणास खिळलेलें आहे त्या घराची पंचाईत शास्त्रकारांना ठाऊक होती. मरण कांहीं पंचांग पाहून येत नाहीं, हें त्यांनीं गृहीत धरलें आणि जिवंत माणसांसाठीं वाट मोकळी ठेवली. आम्हांस ह्यांत कर्मठपणा दिसत नाहीं. मोठें व्यवहारज्ञान दिसतें.

शेतकरी कुटुंबांत नांदीश्राद्धाचें हेंच काम देवक करतें. आंबा, उंबर, जांभूळ अशा झाडांचीं डहाळीं, किंवा त्या त्या कुळाचें जें देवक असेल तें, विधिपूर्वक आणून मांडवांत बसविलें कीं लग्न अर्धें लागलेंच असें धरून चालतात. त्यानंतर ‘आतां कार्य थांबत नाहीं’ हें वाक्य कोणीहि म्हणूं शकतो, आणि तें म्हणणाऱ्याला पुढें कारण द्यावें लागत नाहीं.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. पण शास्त्रांत आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि आमच्या मतें सगळा घोंटाळा तेथूनच सुरू होतो. दूर देशीं वारलेल्या आप्ताचें सुतक तें वर्तमान कानीं पडल्यावर लागतें. ज्याला कळलेंच नाहीं त्याच्याकडे दोष नाहीं. त्या काळच्या दळणवळणास हें धरूनच होतें. काशीस गेलेला चुलता वारला तर तें पुण्यास कळण्यास महिने लागत, आणि त्या महिन्यांत झालेलीं कार्यें कोणी फुकट ठरवूं नयेत, एवढाच त्यांतील हेतु. परंतु लोकांनीं ह्याच धाग्याला धरून आपली पळवाट विणली. ऐकल्यानें सुतक लागतें ना? मग ऐकूंच देऊं नका! शंभर कोसांवरच्या माणसाला दिलेली सवलत शेजारच्या खोलींतील माणसावर लादली गेली. शास्त्रानें क्षमा केली होती ती न कळलेल्याला. न कळूं देणाऱ्याला नव्हे.

ही चर्चा कोरड्या तर्काची वाटूं नये म्हणून एक प्रसंग सांगतों. शिरूर तालुक्यांतील वडगाव रासाई येथें कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही एका लग्नास गेलों होतों. गांव भीमेच्या कांठचें. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड तालुका. दोन्ही तीरांवर ऊंस, आणि दोन्ही तीरांवरच्या घरांत परस्परांच्या लेकी. मुलगी वडगावची होती, मुलगा नदीपलीकडचा. मुहूर्त सूर्यास्ताच्या सुमाराचा. आम्ही वधूपक्षाचे पाहुणे, म्हणून आदल्या रात्रींच मुक्कामास गेलों होतों. हळद झाली होती, देवक बसलें होतें, मंडळी रासाईला जाऊन आली होती. पहाटे मुलाचे आजोबा वारले.

सातच्या सुमारास मुलाचे दोघे चुलते मोटारसायकलवरून आले आणि मुलीच्या वडिलांना घेऊन गोठ्याच्या मागें जाऊन बसले. आम्ही जवळच दांत घाशीत होतों, त्यामुळें बोलणें कानीं आलें. त्यांचें म्हणणें असें, कीं हें वर्तमान घरच्या चौघांपलीकडे जाऊं द्यावयाचें नाहीं. प्रेत आंतल्या खोलींत बर्फावर ठेवलें आहे. मुलाला आजोबा इस्पितळांत आहेत म्हणून सांगितलें आहे. संध्याकाळीं ठरल्याप्रमाणें लग्न लागावें, वरात परस्पर आटोपावी, आणि रात्रीं पुढचें पाहावें. त्यांच्या बोलण्यांत कांहीं दुष्टपणा होता असें कोणी समजूं नये. बाप गेलेलीं तीं माणसें होतीं. रडण्यास त्यांना सवडसुद्धां मिळालेली नव्हती. दीड हजार पत्रिका गेल्या होत्या, आचाऱ्यांनीं बुंदी पाडून ठेवली होती, आणि मुलाचा आजोबांवर इतका जीव कीं कळल्यास तो बोहल्यावर उभा राहणार नाहीं अशी त्यांना भीति होती. पण ह्या तिन्ही कारणांहून मोठें कारण त्यांनीं शेवटीं आणि हळू आवाजांत सांगितलें. लग्नाच्या दिवशींच म्हातारा गेला हें चार बायकांना कळलें तर जन्मभर पोरीच्या पायगुणाला बोल लागेल. मुलीच्या वडिलांनीं मान हलविली. त्यांना तरी दुसरें काय सुचणार होतें?

इतक्यांत मुलगीच तेथें आली. हातांत मोबाइल होता; होणाऱ्या नणंदेनें तिला केव्हांच कळविलें होतें. ती वडिलांना एवढेंच म्हणाली, “दादा, आबा गेले ना? मग सकाळपासून बँड कशाला लावलाय?”

त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें धाकट्या चुलत्यानें घरीं फोन लावला आणि आपल्या आईला, म्हणजे जिचा नवरा गेला होता तिला, काय करावें म्हणून विचारलें. तोंवर तिला कोणी विचारलेंच नव्हतें! ती म्हणाली, “लगीन लावून या, मग त्यांना उचला. तारीख त्यांनीच धरली होती.”

मग सगळीं चक्रें फिरलीं. बँडवाल्यांना घरीं पाठविलें. संध्याकाळचें लग्न अकरा वाजतां लावावयाचें ठरलें. भटजींनीं पंचांग चाळून अकरा वाजतां मुहूर्त नाहीं म्हणून सांगितलें, तेव्हां वधूचे एक चुलते उसळून म्हणाले, “पुढाऱ्यासाठी मुहूर्त दोन-दोन तास पुढं सरतो, मग म्हाताऱ्यासाठी मागं सरला तर काय झालं?” हें म्हणणें अगदीं बिनतोड होतें. पूर्वीं लग्नघरांत पाण्यावर घटिकापात्र तरंगत असे. तळाला भोंक पाडलेली ती तांब्याची वाटी चोवीस मिनिटांनीं बुडाली कीं एक घटिका झाली, आणि त्या घटिकांवर सगळ्यांची नजर असे. आजच्या लग्नांत पत्रिकेवर सहा वाजून पस्तीस मिनिटें छापतात आणि मान्यवरांचे आशीर्वादपर चार शब्द संपून मंगलाष्टकें सुरू होण्यास आठ वाजतात. तेव्हां मुहूर्त चुकला म्हणून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाहीं. भटजी समजूतदार होते. त्यांनीं पंचांग मिटून पिशवींत ठेवलें.

जे दीडशें-दोनशें लोक जवळ होते तेवढ्यांत लग्न लागलें. मुलाला सर्व सांगितलेलें होतें. तो रडत होता, आणि बोहल्यावर उभाहि होता. दोन्ही गोष्टी माणसाला एकदम करतां येतात हें त्याच्या चुलत्यांना त्या दिवशीं कळलें असेल. दुपारीं दोनच्या आंत मंडळी नदीपलीकडे गेली, नवरी त्यांच्याबरोबरच गेली. माप ओलांडण्याचा विधि तेराव्यानंतर झाला.

संध्याकाळीं ज्यांना निरोप पोंचला नव्हता असे तीन-चारशें पाहुणे आले. मांडवाच्या तोंडाशीं वधूचे भाऊ हात जोडून उभे होते आणि येईल त्याला घडलेलें सांगत होते. बुंदी बाजूला ठेवून आमटी-भात वाढला. पुष्कळ जण जेवले, कांहीं नुसतें पाणी पिऊन गेले. एक गृहस्थ मात्र फार रागावले होते. दुरून एस्.टी.नें आलों, पत्रिकेवर वेळ छापली ती कशाला, असें ते पुनःपुन्हां म्हणत होते. लोक त्यांना हसले. आम्ही हसलों नाहीं. कारण त्या गृहस्थांचा मुद्दा वरवर दिसतो तितका पोरकट नाहीं. निमंत्रण हें एक वचनच असतें. त्याच्या भरंवशावर माणूस दिवसाचा रोज बुडवून येतो, आहेर घेऊन येतो. वचन बदललें तर त्याला तें कळण्याचा हक्क आहे, आणि कळविण्यास वेळ नव्हता तर निदान कोणी तोंडानें सांगण्याचा हक्क आहे. वधूचे भाऊ मांडवाच्या तोंडाशीं उभे होते ते ह्याच ऋणासाठीं. सकाळचा बेत पार पडला असता तर ह्या गृहस्थांना वेळेवर लग्न मिळालें असतें, बुंदीहि मिळाली असती. फक्त आपण प्रेतावर झांकण घालून मांडलेल्या ताटावर जेवलों हें त्यांना दुसऱ्या दिवशीं कळलें असतें. त्यांना त्या दोहोंतील कोणतें आवडलें असतें, हें त्यांना विचारावें असें आमच्या मनांत आलें होतें; विचारलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वर्तमान लपविणारे जी तीन कारणें देतात त्यांतील खर्चाचें कारण आम्ही हलकें समजत नाहीं. कर्ज काढून लग्न करणाऱ्या बापाला ‘पैशाकडे काय पाहतां’ असें सांगणें हा ज्यांचें कर्ज नाहीं त्यांचा शहाणपणा आहे. परंतु खर्चाच्या कारणानें फार तर लग्न त्याच दिवशीं लावणें योग्य ठरतें. तें लपवून लावणें योग्य ठरत नाहीं. ह्या दोन गोष्टी आपण नेहमीं एकांत एक गुंतवितों. लग्न पुढें ढकलावें कीं नाहीं हा एक प्रश्न, आणि ज्यांचें लग्न आहे त्यांना खरें सांगावें कीं नाहीं हा अगदीं निराळा प्रश्न. पहिल्याचें उत्तर शास्त्र देतें, परिस्थिति देते, घरचीं वडील माणसें देतात. दुसऱ्याचें उत्तर त्यांच्या हातीं नाहींच; कारण दुःख ज्याचें त्याचें असतें, आणि तें त्याला केव्हां द्यावें हें ठरविण्याचा अधिकार दुसऱ्यानें कोठून आणावा? आजोबांचें शेवटचें दर्शन घ्यावें कीं बोहल्यावर चढावें, हें त्या मुलानें ठरवावयाचें होतें. रात्रीं वरातीनंतर त्याला सांगितलें असतें तर तो काय म्हणाला असता? कदाचित् कांहींच म्हणाला नसता. पण आपण हंसत होतों, फोटो काढून घेत होतों, तेव्हां शेजारीं उभ्या असलेल्या चुलत्याला सारें ठाऊक होतें, ही गोष्ट तो कधीं विसरला नसता.

राहिलें पायगुणाचें कारण. हें सर्वांत बळकट दिसतें, कारण तें मुलीच्या कळवळ्यानें दिलेलें असतें. पण जरा खोल पाहिलें तर तेंच सर्वांत पोंचट आहे. मृत्यूचा दिवस कांहीं कोणाला बदलतां येत नाहीं. आज लपविलें तरी उद्यां तिथि कळणारच. वर्षश्राद्ध आणि लग्नाचा वाढदिवस एकमेकांस चिकटूनच येणार. मग पायगुणाचा बोल चुकतो कसा? तो फक्त एक रात्र पुढें जातो, आणि सासरचीं माणसें दुःखानें व थकव्यानें चिडलेलीं असतांना तिच्या एकटीच्या वांट्याला येतो. वडगावास तो बोल मुळांतच खुडला गेला, आणि तो ज्या म्हातारीनें खुडला तिलाच त्याचा अधिकार होता. जिचें कुंकू त्या पहाटे पुसलें गेलें तिनेंच ‘लगीन लावून या’ म्हटल्यावर मग मुलीकडे बोट दाखविण्यास कोणाची छाती होणार? सारे पुरुष तिच्यापासूनहि गोष्ट बाजूस ठेवून गोठ्यामागें खल करीत होते. ज्याचा पैसा अधिक गुंतला तो निर्णय घेतो, ही आपली रीत. ज्याचें अधिक गेलें त्याला विचारावें, हें फार उशिरां सुचतें.

कार्य पुढें ढकलण्याचें आपल्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ह्याच जिल्ह्यांतलें आहे. मुलाच्या लग्नाचें आमंत्रण घेऊन आलेल्या तानाजी मालुसऱ्यांनीं कोंढाण्याची गोष्ट ऐकतांच घरचें लग्न मागें ठेवलें, असें परंपरा सांगते. गड आला तो फेब्रुवारी १६७० मध्यें, आणि तानाजी पडले. पुढें महाराजांनीं लक्ष घालून रायबाचें लग्न लावून दिलें अशीहि परंपरा आहे. ही कथा आपण कर्तव्याची म्हणून सांगतों व तें योग्यच आहे. पण तिच्यांत आणखी एक गोष्ट आहे. लग्न राहिलें तें सर्वांदेखत राहिलें. कां राहिलें तें रायबाला ठाऊक होतें, सोयऱ्यांना ठाऊक होतें. म्हणून मोडलेल्या बेताची कोणास लाज वाटली नाहीं.

दुसरी कथा तितकी सोपी नाहीं. जांबेचे नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका मराठी घरांत मुलांना लहानपणींच ऐकवितात. समर्थांच्या थोरवीला उणेपणा न आणतां आम्हांस नेहमीं वाटतें कीं अंतरपाटाच्या पलीकडच्या बाजूसहि कोणी उभें होतें, आणि कथा सांगणारे बहुधा तिकडे पाहत नाहींत. सतराव्या शतकांत मांडवांतून नवरा निघून गेलेल्या मुलीचें पुढें काय होत असेल, ह्याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाहीं. देवलांनीं १८९९ सालीं रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत शारदा’ नाटकानें ती कल्पना महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढें उभी केली. म्हाताऱ्या श्रीमंताशीं लागत असलेलें शारदेचें लग्न मांडवांत मोडतें, तें वधूवर सगोत्र निघाले म्हणून. वयाच्या अंतरानें जें मोडावयास हवें होतें तें गोत्रानें मोडलें! आणि लग्न मोडल्यावर सुटलेली मुलगी आनंदानें घरीं जात नाहीं, जीव देण्यास निघते. कोदंड तिला वांचवितो म्हणून नाटक सुखान्त होतें. ज्या समाजांत मोडलेल्या लग्नाचा डाग मुलीलाच लागतो त्या समाजांत लग्न मोडून तिला सोडविणेंहि सोपें नाहीं, हें देवलांनीं ओळखलें होतें.

ह्यामुळें ‘देवक बसलें, आतां थांबत नाहीं’ हें वाक्य आम्हांस एका टोकाला फार शहाणपणाचें आणि दुसऱ्या टोकाला फार भयंकर वाटतें. मृत्यु आड आला तर कार्य थांबवूं नये, हा त्यांतला शहाणपणा. पण मुलीचें मन आड आलें तर? तिचें वय आड आलें तर? १९२९ चा बालविवाहप्रतिबंधक कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला तेव्हां मुलीला चौदा व मुलाला अठरा एवढीच वयाची मर्यादा होती. २००६ च्या कायद्यानें मुलीचें अठरा, मुलाचें एकवीस हें वय ठेवून न्यायालयाला असें लग्न आधींच मनाईहुकमानें थांबविण्याचा अधिकार दिला, आणि त्या हुकमाविरुद्ध लावलेलें लग्न मुळांतच रद्द ठरविलें. तरी अधिकारी मांडवांत येऊन उभे राहिले कीं वडीलधारी माणसें तेंच म्हणतात: हळद लागली आहे, देवक बसलें आहे, लोक जेवावयाचे आहेत. आरंभ झाला म्हणून शेवट झालाच पाहिजे, ही समजूत मात्र मनुस्मृतीचीहि नाहीं आणि आजच्या कायद्याचीहि नाहीं. मनूनें विवाहमंत्रांची समाप्ति सातव्या पावलावर सांगितली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमानें, जेथें सप्तपदी हा विधि आहे तेथें, सातवें पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण व बंधनकारक धरला. देवकापासून सातव्या पावलापर्यंत जें अंतर आहे तें रिकामें ठेवलेलें नाहीं. त्यांत माणसाला मागें फिरतां येतें.

बेत बदलण्याची एवढी धास्ती आपल्याला कां असावी? २०२१ च्या एप्रिलांत साथीमुळें महाराष्ट्र सरकारनें लग्नाला पंचवीस माणसें आणि दोन तास एवढीच परवानगी ठेवली होती, मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. त्या दिवसांत ज्यांचीं लग्नें लागलीं त्यांचे संसार हजार पानें उठलेल्या लग्नांहून कमी टिकले असें आमच्या पाहण्यांत नाहीं. अर्थात् साथ सरल्यावर आपण सर्वजण मोठ्या हौसेनें पुन्हां मान्यवरांच्या भाषणांकडे वळलों, ही गोष्ट निराळी.

वर्तमान लपविण्याचा संकेत पडला तेव्हां निरोप्या पायीं येत असे. त्याला वेशीवर गांठून थोपवितां येई, गुळपाणी देऊन बसवितां येई. आतां निरोप चुलत्यांच्या मोटारसायकलीच्या आधीं नवरीच्या खोलींत पोंचतो, आणि तोहि अर्धवट, चार रडक्या चित्रांसह, कोणा दूरच्या मावसबहिणीच्या हातून. म्हणजे लपवावें कीं सांगावें, ही निवड वडील माणसांपुढें आतां उरलेलीच नाहीं. उरली आहे ती एवढीच, कीं गोठ्यामागें बसून खल करण्यांत पहिला अर्धा तास घालवावा, कीं तडक घरांत जाऊन, हळद लागलेल्या मुलीजवळ बसून, तिला आपल्या तोंडानें सांगावें.